हकीकत अर्बन लोश यांच्या पंधराव्या वर्षाची

श्री संत वाल्बुर्गा प्रसन्न.

इसवी सन दोन हजार चोवीस, फेब्रुवारी मासी, पंचविसावे तारखेस, रविवारी, संत वाल्बुर्गाबाईंच्या खास सणाचे दिवशी, मिनेसोटा प्रांती, सेंट वाल्बुर्गा नामक कसब्यात, बाहेर बर्फ मांडीभर आणि वारा कान कापणारा ऐसे असता, बेसबॉलच्या कीर्तिभिंतीकरिता जे थोर युद्ध जाहले, त्याची हकीकत जैशी घडली तैशी लिहिली असे. या युद्धात रक्त सांडले नाही. कॉफी सांडली, तीही दोनदाच. ज्यांस चेंडूफळीचा खेळ पोरखेळ वाटतो त्यांनी पुढील मजकूर वाचू नये. अथवा आधी वाचावा आणि मग हसावे.

पूर्वपीठिका ऐसी जे, कसबा लहान, वस्ती सातशेतीस. चर्च एक, दूधलोण्याची क्रीमरी एक आणि मैदान एक. संघाचे नाव क्रीमर्स. मैदानाच्या तिकीटखिडकीमागे एक भिंत, तीवर बावीस पितळी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर एका वीराचे नाव व त्याची करणी कोरलेली. हीच कीर्तिभिंत. न्यूयॉर्क प्रांती याहून मोठे कीर्तिगृह आहे म्हणतात, असेल. कसब्यातील रयत तिकडे ढुंकूनही पाहत नाही, कारण तिकडच्या पट्ट्यांवर कोणाचाही मामा नाही.

भिंतीचे कायदे तीन. मसलतीस आठ असामी बसावे. आठांपैकी सहांचा कौल पडला तरच नाव चढावे, आणि कौल दोनदाच घ्यावा. एका इसमाचे नाव पंधरा वर्षे मांडावे, आणि पंधराव्या वर्षीही न चढले तर ते कायमचे खारीज व्हावे, पुन्हा कोणी काढू नये.

अर्बन लोश यांचे हे पंधरावे वर्ष होते.

अर्बन लोश म्हणजे पिचर. वय सत्त्याहत्तर, पूर्वी दुधाच्या टँकरवर चालक. सतरा मोसम त्यांनी क्रीमर्सकरिता चेंडू फेकला. त्यांच्या चेंडूची खुबी ऐसी की फलंदाजाजवळ येता येता तो पायाशी बसे, मग फलंदाज त्यास वरून ठोकी, आणि चेंडू जमीन धरून सरपटत जाई. बहुतकरून दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाराच्या ठाण्यांच्या, मध्ये जाई. तेथे शॉर्टस्टॉप उभा असतो. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण सर्व अनर्थाचे मूळ तेथे उभे होते, आणि त्या मुळाचे नाव क्लीटस ब्रिक्सियस.

राजमान्य क्लीटस ब्रिक्सियस, मसलतीचे सरदार, वय पंचाहत्तर, बावीस मोसम शॉर्टस्टॉप. भिंतीवरील पहिलीच पट्टी त्यांची. तीवर लिहिले आहे: बावीस मोसम, चुका नऊ. नऊ! अवघ्या प्रांतात ऐसा हात नाही. लोक लेकरांस त्या पट्टीसमोर उभे करून म्हणत, बघ, असं खेळावं.

आणि अर्बन लोश यांच्या नावे, प्रत्येक नऊ डावांमागे प्रतिपक्षास दिलेल्या धावा: चार पूर्णांक बारा. साडेतीनच्या वरचा पिचर भिंतीवर चढत नाही, ऐसा रिवाज. चौदा वर्षे हाच आकडा वाचला गेला, चौदा वर्षे मंडळींनी हळहळून मान हलवली, आणि मग केक खाल्ला.

आता अल्विनाबाईंचे वर्तमान.

अल्विना टेरहार, वय अठ्ठ्याहत्तर, माहेरच्या ब्रिक्सियस, म्हणजे सरदार क्लीटस यांच्या थोरल्या सख्ख्या भगिनी. क्रीमरीत कारकून, आणि एकतीस मोसम संघाची धाववही त्यांच्याच हाती. या खेळात वही लिहिणाराचा अखत्यार थोर. चेंडू खेळाडूच्या हातून सुटला, तर ती त्याची चूक की फलंदाजाचा खरा फटका, हे वही लिहिणार ठरवतो आणि त्यावर अपील नाही. चूक लिहिली तर त्यापायी झालेली धाव पिचरच्या माथी बसत नाही. फटका लिहिला तर सगळी बसते.

सन सहासष्ट, जून मास. क्लीटस सतरा वर्षांचे, पहिलाच मोसम, आणि बाकावर त्यांचा बाप बसलेला. तो बाप कैसा होता हे कसब्यास ठाऊक आहे, येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. सोपा चेंडू आला आणि क्लीटस यांच्या दोन पायांमधून निघून गेला. अल्विनाबाईंनी बापाच्या मानेकडे पाहिले. मान लाल होत होती. सामना संपताच बाप वही मागून पाहत असे. बाईंनी पेन्सिल उचलली आणि फटका लिहिला.

मग पुढल्या आठवड्यात डावा क्षेत्ररक्षक टबी वेल्टर याने झेल सोडला. त्याची आई सोमवारी क्रीमरीच्या खिडकीशी येणार होती. तोही फटका. मग ल्यूकन बंधूंपैकी एकाचा, मग दुसऱ्याचा, कारण एकाला माफ करून दुसऱ्याला कैसे धरावे? ऐसे करता करता एकतीस मोसमांत सेंट वाल्बुर्गास कोणाच्या हातून फारसे काही सुटलेच नाही.

मात्र खोटे लिहिले तरी खोट्याची नोंद ठेवावी, हा कारकुनी धर्म. म्हणून अशा प्रत्येक फटक्याशेजारी बाई पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत, मुंगीच्या डोळ्याएवढा. पहिल्याच वर्षी त्यांनी पाद्रीबाबांपाशी पापाची कबुलीही दिली. पाद्रीबाबांनी विचारले की त्या दिवशी सामना आपण जिंकला की हरलो. जिंकला म्हणताच फर्मावले की ही बाब खेळाची आहे, पापाची नव्हे. तीन प्रार्थना म्हणाव्यात आणि जावे.

तेव्हा त्यांच्या ध्यानी आले नव्हते की जे सर्वांस माफ केले ते कोठे तरी जमा होत होते. ते एकाच माणसाच्या नावे जमा होत होते, आणि तो माणूस प्रत्येक वेळी मागे वळूनही न पाहता फक्त चेंडू परत मागत होता.

युद्धाचा दिवस उजाडला. चर्चमधील प्रार्थना आटोपून दुपारी एक वाजता माजी सैनिकांच्या क्लबातील मागल्या दालनात आठ असामी जमले. पुढल्या दालनात अर्बन लोश पत्ते खेळत बसले होते. दरवर्षी या दिवशी ते तेथेच पत्ते खेळत. ते म्हणत की योगायोग आहे, आणि कसबाही म्हणे की योगायोग आहे.

अल्विनाबाईंनी गाडीतून दोन खोकी आणिली. टबी वेल्टर, वय चौऱ्याहत्तर, दारापर्यंत सामोरे आले.

"अगं, दे इकडे. काय भरलंस, बटाटे?"

"बटाटेच. जुने आहेत."

"मोड आलेत की काय?"

"आज बघू," बाई म्हणाल्या.

रसद ऐसी मांडली होती: मांसबटाट्याचे हॉटडिश दोन पातेली, हॅमचे पाव, काकडीचे लोणचे, आणि चॉकलेटच्या वड्यांचे ताट. ईस्टरपूर्वीच्या उपासाचे चाळीस दिवस चालू. टबी यांनी गोड सोडले होते. परंतु रविवार त्या दिवसांत मोजत नाहीत, यावर त्यांनी धर्मशास्त्राचा दाखला दिला आणि चार वड्या घेतल्या.

मग सरदारांनी टेबलावर हातोडी मारून दरबार भरल्याचे जाहीर केले. बिनीस जोडी स्टॉक नामक बाई उभ्या राहिल्या. त्या कसब्याच्या शाळेत गणित शिकवतात, मुलींचा संघ चालवतात, वय एकेचाळीस, आणि गेल्या वर्षी त्यांनी एकतीसही वह्यांचा मजकूर जसाच्या तसा संगणकात चढवला होता. त्यांनी आकडा वाचला.

"चार पूर्णांक बारा. माझ्याकडे असं बघू नका. मी नाही म्हणत, आकडा म्हणतोय."

"माणूस सोन्यासारखा आहे हो," टबी म्हणाले. "माझे वडील गेले तेव्हा दारात पहिला तो उभा. पण भिंत काय चांगल्या माणसांसाठी आहे?"

"नसावी. तुमचं नाव आहे तिच्यावर," जोडी म्हणाल्या.

दरबारी हशा जाहला. टबी यांची पट्टी सांगते: सतरा मोसम, एकही झेल सुटला नाही.

क्लीटस म्हणाले, "आणि एकोणऐंशीचा सामना. कोणी बोलत नाही म्हणून विसरलोय असं नाही."

त्या सामन्याचे नाव निघताच चमचे थांबले. सन एकोणऐंशी, शेजारच्या ल्यूटगेन गावाशी लढाई, जिंकता तर राज्यस्पर्धा, जी कसब्यास ना आधी लाभली ना नंतर. नववा डाव, क्रीमर्स दोन विरुद्ध एक ऐसे पुढे, दोन गडी बाद, प्रतिपक्षाचे दोघे बेसवर. अर्बन यांनी शेवटचा चेंडू फेकला, तो शॉर्टस्टॉपकडून डावीकडे निसटला, दोन धावा जाहल्या, सामना गेला. वहीत फटका. पंचेचाळीस वर्षे कसबा म्हणतो: अर्बनने घालवला. त्यांच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. हा कसबा सभ्य आहे.

पहिला कौल चिठ्ठ्यांनी जाहला, चिठ्ठ्या कॅचरच्या मुखवट्यात टाकल्या. बाजूने तीन: अल्विनाबाई, दवाखान्याच्या बाई आणि क्रीमरीचे हल्लीचे मॅनेजर. विरुद्ध पाच: सरदार, टबी, जोडी स्टॉक आणि दोघे ल्यूकन बंधू.

बाकी राहिला एक कौल. टबी पाचव्या वडीकडे हात नेत होते. दरवर्षी येथेच अल्विनाबाई गप्प राहत, घरी जात, आणि वह्यांच्या कपाटास पाठ करून झोपत. पुढच्या वर्षी सांगू, असे चौदा वेळा ठरले होते. आता पुढचे वर्ष नव्हते. आणि सांगायचे ते कोणासमोर? हातोडी घेऊन बसलेल्या या म्हाताऱ्यासमोर, ज्याची मान हल्ली अगदी बापासारखी लाल होते.

त्या उभ्या राहिल्या आणि खोकी उघडली.

(वहीतील मजकूर, सन एकोणऐंशी, ऑगस्ट, नववा डाव, शेवटची चौकट: फटका. शेजारी ठिपका.)

"हा ठिपका दिसतोय का जोडी? चष्मा लाव. याचा अर्थ मी खोटं लिहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे ती चूक होती आणि मी फटका लिहिला. जिथं जिथं ठिपका आहे तिथं तिथं. एकतीस वर्षं."

येथे पहिली कॉफी सांडली. कोणाची, ते मंडळींनी नोंदू दिले नाही.

मग हुकूम सुटला की वह्या वाटून घ्याव्या आणि ठिपके मोजावे. आणि काय चमत्कार सांगावा! ज्या वीरांस जवळचे वाचता येत नाही म्हणून जेवणाचे कार्डही सुना वाचून दाखवतात, ते वीर खिडकीच्या उजेडात वह्या धरून मुंगीच्या डोळ्याएवढे ठिपके टिपू लागले, आणि जो तो प्रथम आपल्याच नावावर बोट ठेवून मोजू लागला. टबी अडतीसपर्यंत मोजून थांबले आणि म्हणाले की दिवा कमी आहे. दालनात कोणीही ठिपक्यावर शंका घेतली नाही. कोणीही म्हणाले नाही की हा चेंडू माझ्या हातून सुटला नव्हता. तेव्हा अल्विनाबाईंस कळून चुकले की गुपित त्यांचे एकटीचे कधीच नव्हते. प्रत्येकाने आपापला हिस्सा पन्नास वर्षे घरी नीट जपून ठेवला होता.

साडेतीन वाजता जोडी यांनी फेरगणना पुरी केली. अर्बन यांच्या मागे पडलेले ठिपके दोनशे अडुसष्ट. पैकी शॉर्टस्टॉपचे एकशे त्रेचाळीस. दिलेल्या धावा, नऊ डावांमागे: दोन पूर्णांक सत्त्याण्णव.

"भिंतीवर याच्यापेक्षा चांगला पिचर नाहीये," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "क्लीटस, तुमचा आकडा सांगू का?"

"सांग."

"नऊ नाही. दोनशे वीस."

सरदार उठले, कॉफीच्या भांड्यापाशी गेले, पेला भरला, तो आधीच भरलेला होता. ही दुसरी कॉफी. मग भगिनीकडे न पाहता बोलले.

"पंचेचाळीस वर्षं काही बोलली नाहीस. आजच सुचलं?"

"तू तरी कुठं बोललास?"

"तू लिहीत होतीस!"

"आणि तू पट्टी लावून घेतलीस. फोटो काढलास तिच्याखाली. हारबीर घालून."

"हार तूच आणला होतास अल्विना."

"आणला होता. चुकलं माझं. पण त्याचं काय चुकलं? तो बाहेर बसलाय, पंधरा वर्षं पत्ते पिसतोय."

टबी यांनी मध्यस्थी आरंभली: अर्बनला घ्यावे, उत्तम स्वभाव या सदराखाली, वह्या बंद कराव्या, आणि हॉटडिश गरम करावे. ल्यूकन बंधूंनी माना डोलावल्या. अल्विनाबाईंनी साफ नाकारले. स्वभावाची पट्टी नको. ज्या आकड्याने पाडले त्याच आकड्याने चढवावे.

मग दुसरा कौल पुकारला, हात वर करून, सरदारांचा हात शेवटी. अल्विनाबाई, दवाखान्याच्या बाई, मॅनेजर. जोडी स्टॉक, चार. मग थोरल्या ल्यूकनने हात वर केला. धाकट्याने केला नाही. सत्तर वर्षांत हे दोघे प्रथमच वेगळे पडले, एवढी मसलत बिकट. पाच. टबी वडीकडे पाहत राहिले.

सहावा हात सरदारांचा.

सरदारांनी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही. हुकूम केला की अर्बनला आत बोलवा. नियमास धरून नव्हते, तरी कोणी हरकत घेतली नाही. अर्बन लोश आले, डाव अर्धा टाकून, हातात सहा पत्ते उलटे धरलेले.

"बस."

"उभाच बरा. गुडघा दुखतोय. काय रे क्लीट, भांडताय का? बाहेर ऐकू येतंय."

"एकोणऐंशीचा शेवटचा चेंडू आठवतो?"

"आठवतो की. उकडत होतं."

"अल्विना म्हणते ती माझी चूक. तसं असेल तर तुझं नाव भिंतीवर चढतंय. तू सांग."

अर्बन यांनी पत्त्यांकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. अल्विनाबाईंनी मनात देवाचा धावा मांडला की हा माणूस आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या बाजूने बोलो.

"नाही बुवा," ते म्हणाले. "माझा चेंडू बसला नाही. वर राहिला. त्यानं सणसणीत मारला. क्लीटसच्या आवाक्यातच नव्हता. पोरानं आडवी उडी मारली, अजून काय करणार?"

"अर्बन," जोडी कळवळून म्हणाल्या, "तुम्ही काय बोलताय कळतंय का? याच मतावर सगळं अडलंय!"

"मग अडू दे की. अल्विना, तेवढा ठिपका पूस."

"नाही पुसणार. मी पाहिलंय."

"तू लांब होतीस. मी फलंदाजापासून साठ फुटांवर होतो."

"साठ फुटांवर होतास, पण बघत कुठं होतास? तू कधी मागं वळून बघितलंस का रे कोणाच्या चुकीकडं?"

छपरावरचे बर्फ सरकल्याचा आवाज आला. धाकटे ल्यूकन म्हणू लागले, झालं तर मग, खुद्द पिचरच म्हणतो. टबी यांनी सुटकेचा श्वास घेतला. पाच हात हळूहळू खाली येऊ लागले.

तेव्हा क्लीटस ब्रिक्सियस बोलले, आणि ते हुकमासारखे नव्हते.

"उडी नंतर मारली."

"काय?"

"आवाक्यात होता. सरळ अंगावर आला होता. हातमोज्यात बसला होता अर्बन, मला शिवण लागली त्याची तळहाताला. आणि सुटला. मग मी उडी मारली. लोकांना दिसावी म्हणून."



"चांगली मारली होती पण," अर्बन म्हणाले.

"शर्ट फाटला होता," क्लीटस म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला.

सहा.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तहाची कलमे ठरली ती ऐसी. अर्बन लोश यांची पट्टी मे मासी पहिल्या सामन्याचे दिवशी लावावी, आकडा दोन पूर्णांक सत्त्याण्णव. एकोणऐंशीचा सामना त्यांनी घालवला ऐसे इतःपर कोणी घरातही बोलू नये. क्लीटस यांची पट्टी काढू नये, परंतु तीवरील नऊ खोडून दोनशे वीस कोरावे. हे कलम खुद्द त्यांनी घातले आणि टेबलावर हातोडी मारून मंजूर करविले. बाकी वीरांच्या ठिपक्यांचा विचार पुढील सालच्या मसलतीत व्हावा. हे कलम टबी वेल्टर यांनी मांडिले, आणि त्या दिवसातील एवढे एकच कलम विनाचर्चा मंजूर जाहले.

अर्बन यांस मुबारकबादी देण्यास मंडळी उठली, तो ते दाराशी पोचले होते. म्हणाले, आभारी आहे, पण बाहेर तिघे खोळंबलेत आणि पाने चांगली आली आहेत.

मग अल्विनाबाईंनी एकोणऐंशीची वही समोर ओढली. पेन्सिल ठेवून दिली आणि जोडी यांच्याकडून पेन मागितला. चौकटीतला फटका एका रेघेने काटला. शॉर्टस्टॉपचा आकडा सहा, आणि चूक जाहली तर त्याआधी ई, म्हणजे एरर. एकतीस मोसमांत सख्ख्या भावाच्या नावे त्यांनी ती अक्षरे नऊदा लिहिली होती, नऊही वेळा तो परगावी खेळत असताना, बाप नसताना. आता दहाव्या खेपेस अक्षर स्पष्ट आले. ई-सहा.

शाई ओली होती. सरदार क्लीटस ब्रिक्सियस खुर्चीमागून वाकले, एक हात बहिणीच्या खांद्यावर ठेवला, आणि पान मिटण्याआधी शाईवर फुंकर घालत राहिले.